मदत हवी आहे: क्रशरच्या शूटमधला लायनर कधी संपणार, हे आधी कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

वाघोलीच्या पुढे एका खडी क्रशरवर मेंटेनन्स बघतो. एका बेल्टवरून दुसऱ्या बेल्टवर खडी ज्या शूटमधून पडते, त्याच्या लायनरबद्दल, म्हणजे आतून बसवलेल्या झीज सोसणाऱ्या प्लेटबद्दल विचारायचंय. प्लेट ४०० ब्रिनेल हार्डनेसची, नवी असताना २० मिमी. मागच्या शटडाऊनला आत उतरून जाडी घेतली. कडेला १७-१८ मिमी शिल्लक, आणि दगड आपटून वळतो तिथे, बोल्टच्या लगेच खाली, जेमतेम ६. एकाच प्लेटवर! सरासरी काढून काय करू? भोक पडतं ते त्या वीतभर जागेतच. मग चालू सीझनमध्ये घाईघाईने पॅच मारायला पोरांना शूटमध्ये उतरवावं लागतं. ते मला अजिबात नकोय.

आर्चर्डचं सूत्र माहीत आहे: झीज ही दाब आणि घसरण्याच्या अंतराच्या प्रमाणात वाढते, प्लेटच्या हार्डनेसच्या प्रमाणात कमी होते. त्या हिशेबाने ५०० ची प्लेट सव्वापट टिकायला हवी. पण त्यातला झिजेचा गुणांक आणायचा कुठून? जी-६५ या झिजेच्या प्रमाणित चाचणीत गोलसर सिलिका वाळू आणि रबरी चाक असतं. आमची खडी ताजी फुटलेली, धारदार कडांची. शिवाय आपल्याकडचा काळा दगड सगळीकडे सारखा नाही. वाघोलीच्या खाणींत पोकळ्यांमधून झिओलाइट निघतात, ते मऊ. पण क्वार्ट्झ आलं की खनिजांच्या कठीणपणाच्या मोहस मापावर ७, म्हणजे ४०० काय, ५०० च्या प्लेटपेक्षाही कठीण. मग सव्वापटीचा हिशेब टिकतो का?

बाहेरून अल्ट्रासॉनिक गेज लावून बघायची सोय नाही. लायनर आणि बॉडीच्या मधे फट असते, त्यामुळे फक्त बॉडीची जाडी येते.

डीईएम सिम्युलेशनवर (एकेका दगडाची हालचाल कॉम्प्युटरवर मांडून बघणं) खर्च करावा का? पुण्यात आमचीच खडी वापरून झिजेची चाचणी कोण करून देतं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

डीईएमचा खर्च सध्या थांबवा. दगड कुठे आपटेल आणि दोन डिझाइनपैकी कोणतं कमी झिजेल, हे त्यातून छान दिसतं. पण ‘अमुक टनांनंतर ६ मिमी’ असं उत्तर हवं असेल तर गुणांक तुमच्याच मोजमापांवरून जुळवून घ्यावा लागतो. म्हणजे मोजमाप आधी हवंच.

आपटण्याच्या जागेभोवती चौकटी आखा, दर शटडाऊनला त्याच बिंदूंवर जाडी घ्या आणि ती दिवसांसमोर नाही, बेल्टवरच्या वजनकाट्याने मोजलेल्या टनांसमोर मांडा. सगळ्यात वाईट बिंदूची रेघ पुढे वाढवली की तारीख मिळते. खाणीतला थर बदलला की नोंद वेगळी ठेवा.

५०० ची प्लेट लावून बघा, पण सव्वापट धरून चालू नका. दगड दोन्हींपेक्षा कठीण असताना फरक कमी-जास्त पडतो. क्रोम कार्बाइडच्या प्लेटमधले कार्बाइड क्वार्ट्झपेक्षाही कठीण असतात. घसरणीच्या भागात ती उत्तम, थेट आपटण्याच्या जागी मात्र तिचे तुकडे उडू शकतात.

धागाकर्ता

मनापासून आभार. पण दोन शटडाऊनच्या मधे आत न उतरता काही कळेल का?

प्रतिसाद

कळेल. नवा लायनर बसवण्याआधी त्याला मागून फक्त ६ मिमी खोल आंधळं (आरपार न जाणारं) भोक पाडा, आणि त्याच्या समोर बॉडीला आरपार. झीज तिथवर आली की बाहेर डस्ट गळायला लागेल. फेरीवरच्या ऑपरेटरला ते लांबूनही दिसतं. फक्त भोकाची जागा तुमच्या ६ मिमीच्या बिंदूवरच हवी.