हळदीचा अर्क जिवाणूंचं बोलणं बंद पाडतो, मग औषध का नाही?

हरिपूरचं_पेव: क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम या जिवाणूची गर्दी वाढली की संकेतरेणू साचतात आणि तो जांभळा रंग बनवतो. राजापुरी हळदीच्या अर्काभोवती रंग जातो, वाढ तशीच राहते. म्हणजे जिवाणू न मारता संवाद तुटला, त्यामुळे प्रतिकार वाढायचा दबावही कमी. आपल्या सांगलीत हळदही आहे, गोठेही. जखमेचं मलम आणि कासदाहावर सडांचं द्रावण, दोन्ही करायला हवं.

अजिंक्यतारा४१५: वाढ तशीच आहे हे डोळ्यांनी ठरवलंत का? आधी किमान रोधक मात्रा (वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा) काढा, मग तिच्या चौथ्या-आठव्या हिश्श्यावर चाचणी. सीव्ही०२६ ला (याच जिवाणूचा, स्वतः संकेत न बनवणारा उत्परिवर्ती) सी६ हा संकेतरेणू बाहेरून घालून ३० अंशांवर रात्रभर वाढवा. १ मिली घेऊन १३,००० फेऱ्यांवर १० मिनिटं फिरवा, गोळा १ मिली डीएमएसओ या द्रावकात विरघळवा, पुन्हा फिरवून वरच्या द्रवातला जांभळा रंग ५८५ नॅनोमीटरला मोजा. वाढ ६०० नॅनोमीटरच्या गढूळपणावरून बघू नका, अर्काचा गाळ आकडा फुगवतो. प्लेटवर वसाहती मोजा. तुलनेला अर्काविना नुसत्या डीएमएसओची नळी हवीच.

आणि हे बहुतेक जण विसरतात: जिवाणू वाढवायचं एलबी माध्यम वाढीबरोबर अल्कधर्मी होतं, त्यात संकेतरेणूचं लॅक्टोन नावाचं वलय आपोआप उघडतं. श्रेय मात्र अर्काला जातं! एमओपीएस बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रव्य) घालून पीएच ७ धरा. मग सी६ वाढवा. रंग परतला तर अर्क संकेताशी झगडतोय. नाही परतला, तर कदाचित रंग बनवणारी साखळीच बिघडली आहे.

माणदेशी_व्हेट: कासदाहाचं तर सोडूनच द्या. कासदाह करणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस एजीआर यंत्रणेतून छोट्या पेप्टाइडनं बोलतो, लॅक्टोननं नाही. जांभळी प्लेट त्याच्याबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय धार काढल्यावर सड ०.५ टक्के आयोडीनमध्ये बुडवतात, कारण तिथले जंतू लगेच मरायला हवेत. तिथे 'मारत नाही' हा गुण कसला, दोषच. आणि निर्जंतुक न केलेला अर्क सडात सोडणं म्हणजे रोगाला आमंत्रण.

हरिपूरचं_पेव: सडांचं द्रावण मागे घेतो. जखमेचं नाही. तिथला स्यूडोमोनास जिवाणू लॅक्टोनच वापरतो, आणि हळदीतल्या कर्क्युमिननं त्याची विषारी घटकं कमी झाल्याचे प्रयोग आहेत. लसणातलं अजोईनही त्याच वाटेनं जातं.

अजिंक्यतारा४१५: लसणाचंच बघा. २०१० मध्ये सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसं बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांवर छोटी यादृच्छिक चाचणी झाली, लक्षणीय फायदा दिसला नाही. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही. सीरम नसलेल्या फॉस्फेट बफरमध्ये ७.२ पीएचला अर्ध्या तासात ९० टक्के मोडतं, आणि जुन्या जखमा बहुधा याहून अल्कधर्मी असतात. शिवाय ते अनेक चाचण्यांत खोटे होकार देतं. 'प्रतिकाराचा दबाव कमी' यावरही विसंबू नका: २०१२ मध्ये स्यूडोमोनासचे असे उत्परिवर्ती दाखवले गेले, जे संवाद तोडणारं ब्रोमिनयुक्त फ्युरानोन पंपानं बाहेर फेकतात.

माणदेशी_व्हेट: इतकं टोकाचं नको, दादा. एकटं औषध म्हणून नाही चालणार, पण बायोफिल्मवर (जिवाणूंचा चिकट थर) टोब्रामायसिन या प्रतिजैविकाबरोबर जोड म्हणून तपासायला हरकत काय? फक्त अर्क नको, शुद्ध रेणू घ्या. बाजारातलं '९५ टक्के' म्हणजे तीन कर्क्युमिनॉइडचं (कर्क्युमिन आणि त्याचे भाऊबंद रेणू) मिश्रण.

हरिपूरचं_पेव: शुद्ध रेणूनं सुरू केलं तर राजापुरीला वेगळं श्रेय कसं मिळणार? अर्क समांतर ठेवायचाच.

अजिंक्यतारा४१५: ठेवा, पण प्रत्येक लॉटचं एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणारी चाचणी) आधी.