दिव्याच्या पुलाखाली बाग हवी असणाऱ्यांनी आधी डबा घेऊन फाटक ओलांडावं

फाटकापलीकडची

काल इथे 'सातएकोणचाळीस' यांनी लिहिलं, की दिवा स्टेशनजवळचं रेल्वे फाटक एकदाचं कायमचं बंद करा, रुळांवरच्या पुलाचं काम चाललंच आहे, पुलाखाली 'सामुदायिक जागा' म्हणून बाग करा, म्हाताऱ्यांना कट्टा, पोरांना अभ्यासिका द्या; दिवेकर दुवा देतील आणि डोंबिवलीकर वेळेवर ऑफिसला पोचतील. खाली साठ-सत्तर जणांनी लाइक ठोकलेत. रात्री साडेअकराला ओटा पुसून झाल्यावर वाचलं आणि झोप उडाली. म्हणून हा वेगळा धागा.

मी पश्चिमेला राहते, आई पूर्वेला. फाटक उघडं असेल तर चालत सात मिनिटं. सकाळी पोळी-भाजीचा डबा, संध्याकाळी तिची औषधं आणि चार गप्पा. तुमच्या पुलावरून मी हे कसं करायचं? रॅम्प फाटकापाशी सुरू होत नाही हो. आधी उलट्या दिशेने रॅम्पच्या तोंडाशी जा, मग ट्रकच्या कडेने चढा, उतरा, परत मागे या. रिक्षाने जा म्हणाल, तर महिन्याचे साठ फेऱ्यांचे पैसे द्या. स्टेशनचा जिना आहेच, पण आईचे गुडघे तो जिना लांबून बघूनच दुखतात.

आणि हो, ती 'सामुदायिक जागा'. ती आहे आमच्याकडे. फाटक पडलं की अख्खा दिवा तिथे उभा असतो. मावशी डोक्यावरची पाटी उतरवून टेकवते, तिथल्या तिथे दोन वाटे सुका जवळा विकला जातो. बाइकवाले पुढचं चाक इंच-इंच दांड्याखाली सारत राहतात. गेटमन शिट्टी मारतो, कोणी ऐकत नाही. माझ्या भाचीचं लग्न फाटकावर ठरलंय, शपथेवर. दोन्हीकडच्या आया भर उन्हात वीस मिनिटं अडकल्या, मुलाची नोकरी विचारून झाली, पत्रिका पण जुळली.

माझं म्हणणं एवढंच आहे: पूल गाड्यांसाठी होतोय. पायी चालणाऱ्याला फाटकाच्या जागीच रुंद भुयारी वाट द्या, नाहीतर लिफ्ट आणि सरकते जिने असलेला पादचारी पूल द्या. तो चालू झाला की मग लावा कुलूप. बागेचं त्यानंतर बघू.

सातएकोणचाळीस

ताई, भावना पोचल्या. आता जरा रेल्वे समजून घ्या. फाटक आणि सिग्नल एकमेकांत अडकवलेले असतात. फाटक उघडं, तर सिग्नल लाल. एखादा टेम्पो दांड्याखाली अडकला तर फाटक लागत नाही, फाटक लागत नाही तोवर मोटरमन हलू शकत नाही. एक गाडी चार मिनिटं थांबली की तिच्यामागे कल्याणपर्यंत रांग. बावीस वर्षं मी दिव्याआधीचं कोपर स्टेशन सुटल्यावर ते लाल दिवे बघतोय. दोनदा हाफ डे लागलाय, एकदा इन्क्रिमेंट गेलंय. तुमच्या एका डब्यासाठी बारा डब्यांतली माणसं का लटकायची?

आणि निघालाच आहे विषय तर, सकाळी दिव्याहून उलटं डोंबिवलीला येऊन, आमच्या सीटवर बसून, त्याच गाडीने रिटर्न जाणारे कोण असतात, तेही सांगा. आम्ही प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघतो, आणि गाडी येते ती भरूनच.

साबे गाववाला

सांगतो ना. मीच असतो. सात वर्षं रिटर्न येतोय. का येतो? कारण दिव्याला गाडी थांबते तेव्हा दारात तुमचे डोंबिवलीकर हात आडवे लावून उभे असतात. "मागची गाडी रिकामी आहे." ती मागची गाडी अजून आलेली नाही. आधी दिव्यातून सुटणारी सीएसएमटी लोकल द्या, मग फाटकावर पण बोलू आणि रिटर्नवर पण. २ जानेवारी २०१५ ला दिव्यात माणसं रुळावर उतरली ती बागेसाठी नाही उतरली.

रॅम्पवाला

तीस वर्षं पुलांच्या कामावर काढली, निवृत्त आहे. दोन्ही बाजूंना थोडा त्रास देतो.

वरून पंचवीस हजार व्होल्टची तार जाते, म्हणून रुळापासून गर्डरच्या, म्हणजे पुलाच्या तुळईच्या बुडापर्यंत साधारण साडेसहा मीटर मोकळे सोडावे लागतात. त्यावर गर्डरची जाडी. म्हणजे रस्ता आठ मीटर उचलायचा. ३० मीटरला १ मीटर असा चढ धरला तर एकेका बाजूला सुमारे २४० मीटर रॅम्प. त्यामुळे फाटकापलीकडच्या ताईंचं वळसा घालण्याचं म्हणणं बरोबर आहे.

पण हा वळसा फाटक चालू ठेवायचं कारण होऊ शकत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. रूळ वाढले, गाड्या वाढल्या. कळव्याचं खारेगाव फाटक त्याच वर्षी पुलावर गेलं. मुंबईच्या उपनगरी मार्गावर भर वस्तीत फाटक ठेवणं म्हणजे रोज देवाला हात जोडणं.

बाग म्हणणाऱ्यांना एक प्रश्न. रॅम्पचा खालचा निम्मा भाग बहुतेक ठिकाणी भिंती बांधून आत भराव टाकलेला असतो. त्याच्या 'खाली' काही नसतं. उरलेला उंच भाग, त्याच्या मधून रूळ. म्हणजे बागेचे दोन तुकडे, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. पूर्वेच्या आजींनी पश्चिमेच्या कट्ट्यावर जायला पुन्हा जिनाच.

एक रामायण राहिलं. रुळांवरचा भाग एकाचा, जोडरस्ता दुसऱ्याचा. अंधेरीला २०२४ मध्ये नव्या गोखले पुलाची एक बाजू उघडली, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंचीच जुळेना. शेवटी बर्फीवाला जॅक लावून उचलला. अशा कारभारात तुम्ही फुलझाडं मागताय.

मेलबर्नकर

मूळ ठाण्याचा, आता क्लेटनला. आमच्याकडे कॉलफिल्ड ते डँडेनाँग मार्गावरची नऊ फाटकं २०१८ पर्यंत काढली. फरक एवढाच की रस्ता नाही उचलला, रेल्वे उचलली. खांबांवरून गाडी जाते, खालची जमीन सलग मोकळी. सायकलची वाट, बास्केटबॉलचं मैदान, झाडं. मी रोज खालून चालतो. तेव्हा रहिवाशांनी प्रचंड विरोध केला होता, घरात डोकावणारी गाडी नको म्हणून. इच्छा असेल तर होतं.

साबे गाववाला

आले. वाटच बघत होतो. साहेब, दिवा जंक्शन आहे. वसईचा फाटा, पनवेलचा फाटा, कोकणातल्या गाड्या, मालगाड्या, लोकल. यातलं काय काय खांबावर चढवू? यादी द्या, उद्या सकाळी हातात घेतो.

मेलबर्नकर

उपहास करायची गरज नव्हती. रेल्वे उचलली तर दोन्ही बाजूंची माणसं जोडली जातात आणि रस्ता उचलला तर फक्त वाहनं, एवढंच सांगत होतो. म्हणजे धागा काढणाऱ्या ताईंचाच मुद्दा.

फाटकापलीकडची

हो, मुद्दा माझाच आहे. तुम्ही तो विमानातून आणलात एवढंच.

खिडकी नाही मिळाली

मला रिटर्नवाल्यांवर बोलायचंय. मी डोंबिवलीची, लेडीज डबा. दिव्याहून उलट येणाऱ्या किती जणींकडे डोंबिवलीपासूनचा पास असतो? पास दिव्यापासूनचा, प्रवास डोंबिवलीपासूनचा. सरळ भाषेत विनातिकीट. वर सीटवर बसून आम्हाला म्हणायचं, "ताई, बॅग जरा वर ठेवा."

साबे गाववाला

माझा पास डोंबिवलीपासूनचा आहे. जास्तीचे पैसे भरतो, उलटा प्रवास करतो, झोप घालवतो, कशासाठी? माझ्याच स्टेशनवर मला चढता येत नाही म्हणून. फोटो टाकू पासचा?

खिडकी नाही मिळाली

तुमचा असेल. बाकीच्यांचा टाका.

सातएकोणचाळीस

टाकणार नाहीत. आणि चढता येत नाही म्हणे! मी स्वतः दिव्याला दारातून बाजूला होतो.

साबे गाववाला

बाजूला म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर.

कल्याणचा जुना

डोंबिवलीकर रडतात, आमच्याकडे बघा. पत्रीपूल २०१८ च्या ऑगस्टमध्ये बंद केला, नवा उघडला २०२१ च्या जानेवारीत. अडीच वर्षं सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं म्हणजे एका दिवसाचा कार्यक्रम. रिटर्न जाणाऱ्यांचं मात्र खरं आहे, कल्याणलाही ठाकुर्लीहून उलटे येतात. यांना दंड लावा.

खिडकी नाही मिळाली

बघा. मी एकटी नाही म्हणत.

साबे गाववाला

कल्याणच्या लोकांनी सीटबद्दल बोलणं म्हणजे हलवायाने साखरेच्या तुटवड्याबद्दल बोलणं. तुमच्याकडे गाडी रिकामी सुटते हो!

कल्याणचा जुना

रिकामी? तुम्ही कल्याणला शेवटचे कधी आलात? तोंड सांभाळून लिहा.

गर्दीतला एक

९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ वळणावर दारात लटकलेली माणसं खाली पडली. त्या दिवशी चार जण गेले. त्याला पंधरा दिवस नाही झाले आणि इथे पासचे फोटो मागताय.

साबे गाववाला

बरोबर. पासचा मुद्दा मी थांबवतो. दारातला नाही थांबवत, कारण तो तोच मुद्दा आहे.

माटुंगा पूर्व

बाग शक्य नाही असं नका म्हणू. आमच्याकडे उड्डाणपुलाखाली नानालाल मेहता उद्यान २०१६ पासून आहे. सुमारे सहाशे मीटरची वाट, नर्मदेच्या वळणांसारखी आखलेली. आधी तिथे काय होतं? पार्किंग, कचरा, रात्री गर्दुल्ले. रहिवासी मागे लागले म्हणून बाग झाली. माझे वडील शेवटपर्यंत तिथेच फिरायला जायचे.

फाटकापलीकडची

तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण तो रस्त्यावरचा पूल, खाली दुभाजकाची जागा होती, मधून लोकल जात नव्हती. इथे वरून ट्रक, बाजूने मालगाडी, आणि मधे बसून पोरगं बीजगणित सोडवणार? माझा मुलगा घरात पंखा जोरात असला तर अभ्यास होत नाही म्हणतो.

आणि कुंपण, दिवे, वॉचमन, पाणी हे माटुंग्याला मिळालं. आमच्या इमारतीला आजही टँकर लागतो. झाडांना कुठलं घालायचं?

सातएकोणचाळीस

विक्रोळीचा रेल्वेवरचा पूल १४ जून २०२५ ला उघडला. तिथले लोक किती वर्षं थांबले विचारा. असे फाटे फोडत बसलात तर दिव्याचाही तसाच होईल.

रॅम्पवाला

विक्रोळीचा उशीर बायका डबे घेऊन चालत होत्या म्हणून झाला नाही. पादचारी मार्ग पहिल्या आराखड्यात घालायला काही फार लागत नाही. नंतर घालायला लागतं. मी स्वतः दोन ठिकाणी तो 'दुसऱ्या टप्प्यात' ढकललेला पाहिलाय. एका ठिकाणी सही माझी होती. दुसरा टप्पा आला नाही, लोक भिंतीला भोक पाडून रूळ ओलांडू लागले.

फाटकापलीकडची

हे पहिल्याच प्रतिसादात लिहिलं असतंत तर माझी एक रात्र वाचली असती.

सातएकोणचाळीस

ठीक आहे. पायी जाणाऱ्यांची सोय आधी, फाटक नंतर बंद. एवढं मान्य. उपकार म्हणून नाही, भोक पाडलेल्या भिंतीतून माणसं आली तर गाडी पुन्हा थांबणारच, म्हणून. बाग मात्र मागे घेत नाही. उंच भागाखाली चार बाकडी टाकायला कोणाचं काय जातं?

साबे गाववाला

बाकडी टाका. त्यावर बसून आम्ही दिवा लोकलची वाट बघू.

सातएकोणचाळीस

उद्या दिव्याला मी स्वतः दारातून खाली उतरतो. ताई, तुम्ही निवांत चढा, मग मी चढतो. झालं समाधान?

फाटकापलीकडची

मी लेडीजमध्ये चढते, काका. तिथे आधीच 'खिडकी नाही मिळाली' उभ्या असतात.