समुद्र डाव्या हाताला ठेवावा

रत्नागिरी ते गुहागर हा किनारी प्रवास एका दिवसात होईल का, असे आपण विचारले आहे. तो सहज होतो. मात्र रत्नागिरीहूनच निघावे, म्हणजे समुद्र बहुतेक वेळ डाव्या हाताला राहतो आणि रस्ता न ओलांडता गाडी थांबवता येते. आरे-वारेच्या चढावरून खाली दिसणारा किनारा घाईत पाहू नये. गणपतीपुळ्यानंतर जयगडचा किल्ला पाहून शास्त्री नदीच्या मुखाशी गाडी फेरीबोटीत चढवली की पलीकडे तवसाळ येते. आम्हा नागपूरकरांना ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाची सवय असल्यामुळे या अरुंद वळणांवर, विशेषतः पावसाळ्यात, वेग जाणीवपूर्वक कमी ठेवावा लागतो. फेरीबोटीच्या वेळा आदल्या दिवशीच विचारून घ्याव्यात.