बैठकीत शब्द दिला, आता विचारतात "मला काय मिळालं?"

रामबागी
इंदूरच्या आमच्या गल्लीतल्या मंडळाचं सभागृह पावसाळ्यात गळतं. वर पत्रे टाकायचं ठरलं आणि ठेकेदाराला २०,००० बयाणा दिला. पुढच्या बैठकीत एक काका उठले आणि सगळ्यांसमोर त्यांनी ५१,००० जाहीर केले. टाळ्या पडल्या, चहाबरोबर कचोऱ्या आल्या. त्या भरवशावर पत्रे रद्द केले आणि स्लॅब घातला. आता पैसे मागितले तर काका म्हणतात, "माझा भाचा वकील आहे. मोबदल्याशिवाय करार होत नाही. मला काय मिळालं?"

माझं मत: चारचौघांत दिलेला शब्द बांधलेलाच असायला हवा. १८७२ च्या करार कायद्याने माणसाच्या जबानीला किराणा दुकानातला तराजू लावलाय.

कोर्टकचेरी
भाच्याने अर्धंच सांगितलं. कलम २५ प्रमाणे मोबदल्याशिवायचा करार निरर्थक, हे खरं. पण मोबदला काकांच्याच खिशात पडायला हवा, असं कुठेही लिहिलेलं नाही. कलम २(घ) म्हणतं, वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून दुसऱ्याने काही केलं, करायचं टाळलं किंवा तसं कबूल केलं, की तो मोबदला. १८८६ चा हावड्याच्या टाउन हॉलचा खटला बघा. एकाने १०० रुपये वर्गणी कबूल केली, नंतर देईना. तोवर वर्गणीदारांच्या भरवशावर ठेकेदाराशी करार झालेला. कलकत्ता हायकोर्टाने १०० रुपये द्यायला लावले. आणि शब्द तोंडी होता म्हणून तो कच्चा ठरत नाही, हेही भाच्याला सांगा.

परखड माळवी
वकीलसाहेब, १९१४ चा अलाहाबादचा खटला सोयीस्कर विसरलात. मशिदीच्या दुरुस्तीसाठी ५०० रुपये कबूल केले होते, ते वसूल झाले नाहीत. देणगी ती देणगी.

आणि तराजू वाईट कसा? बैठकीच्या भरात माणूस घरसुद्धा लिहून देईल. आपल्या इंदुरात "हो भिया, हो जाएगा" हा तर नमस्काराचाच प्रकार आहे. त्यावर दावे लागायला लागले तर सराफ्यात पोहे खाणारा प्रत्येक जण प्रतिवादी! कायद्याने दानाला अडवलेलं नाही. प्रत्यक्ष हातात दिलेलं दान मोबदला नव्हता म्हणून रद्द होत नाही. फक्त "देईन" म्हणणाऱ्याला विचार बदलायची मुभा ठेवली आहे.

रामबागी
मशिदीचं काम सुरूच झालं नव्हतं. आमचा स्लॅब डोक्यावर आहे.

परखड माळवी
पण बयाणा काका बोलायच्या आधी गेला, हे तुम्हीच लिहिलंय. १८८० च्या दुर्गाप्रसाद खटल्यात एकाने कलेक्टरच्या सांगण्यावरून बाजार बांधला. नंतर तिथल्या दुकानदारांनी त्याला कमिशन कबूल केलं. कोर्ट म्हणालं, खर्च दुकानदारांच्या इच्छेवरून झालाच नव्हता, म्हणून कमिशन नाही. तुमचंही तेच.

कोर्टकचेरी
२०,००० पुरतं मान्य. स्लॅबचं नाही. हावड्यात तर हुबेहूब हेच झालं होतं: वर्गणीची यादी वाढत गेली तसा आराखडा वाढला, आणि २६,००० चं काम ४०,००० वर गेलं. पत्र्यांऐवजी स्लॅब कशामुळे झाला, हाच इथला प्रश्न आहे.

परखड माळवी
काका "स्लॅब घाला" म्हणाले होते का? भरवसा तुम्ही ठेवलात, इच्छा टाळ्या वाजवणाऱ्यांची होती. कुणी आपल्यावर विसंबलं म्हणून ते आपल्या सांगण्यावरून झालं, असं होत नाही. हावड्याचा निकाल मला इथेच ओढूनताणून वाटतो, हायकोर्टाचा असला तरी.

बडोद्याची माहेरवाशीण
मध्येच बोलते. जर्मनी, फ्रान्समध्ये मोबदल्याची अटच नाही, रामबागींना हवं तसं. पण दान देण्याचं नुसतं वचन तिथेही नोटरीसमोर केल्याशिवाय बांधत नाही. म्हणजे कचोऱ्या खाऊन दिलेला शब्द तिकडेही टिकला नसता.

रामबागी
कचोऱ्या आमच्या खर्चाच्या होत्या. त्या मोबदल्यात धरता येतील का? 😀

जिची बाजू कुणी विचारली नाही
मी त्याच काकांची मुलगी. बाबांना कंजूस ठरवून झालं असेल तर ऐका. बाबांनी उठताना आधी विचारलं होतं, "दारावर आमच्या आजोबांच्या नावाची पाटी लावाल ना?" अध्यक्ष माइकवर "लावू, लावू" म्हणाले. स्लॅब होऊन चार महिने झाले, पाटीचा पत्ता नाही. बाबांनी विचारलं तर म्हणाले, "पाटीचं बघू नंतर." मग बाबांनी भाच्याला फोन केला. फुकट दिलेला शब्द मागे घेता येतो ना? मग आम्ही तो घेतला.

कोर्टकचेरी
ताई, भाच्याची सगळी बाजू तुम्ही एका परिच्छेदात पाडलीत. शब्द फुकट दिलेलाच नव्हता. पाटी लावायचं कबूल झालं, तोच मोबदला. ५१,००० च्या मानाने पाटी क्षुल्लक असली तरी चालते. संमती मोकळेपणाने दिलेली असली की मोबदला तोकडा म्हणून करार रद्द होत नाही, हे कलम २५ च्या दुसऱ्या स्पष्टीकरणातच आहे. न्यूयॉर्कच्या एका बाईंनी कॉलेजला ५,००० डॉलर कबूल केले होते, निधीला आपलं नाव द्यायच्या बोलीवर. १९२७ च्या निकालात तिथल्या न्यायमूर्ती कार्डोझोंनी त्या नावातच मोबदला शोधला.

परखड माळवी
मग आधी शब्द मंडळाने मोडला! पाटी न लावता ५१,००० कुठल्या तोंडाने मागता?

रामबागी
त्या बैठकीला मी उशिरा पोचलो होतो, पाटीचं खरंच माहीत नव्हतं. ताई, संगमरवर की पितळ? आणि नावाआधी "कै." लावायचं का, तेवढं आज रात्रीपर्यंत कळवा. दगडवाला उद्या दुकान उघडतो.