व्हॉल्यूम पेडल साखळीत नेमके कुठे जोडावे?

सहावी_तार (प्रश्न)
माझ्या गिटारला तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांच्या कंपनाचे विद्युत सिग्नल करणारे भाग) आहेत. तिच्यापुढे ट्यूनर, फझ व ओव्हरड्राइव्ह (दोन्ही आवाज खरखरीत करणारी), डिले (प्रतिध्वनी देणारे) आणि रिव्हर्ब (घुमारा देणारे) या क्रमाने पेडल्स आहेत व शेवटी क्लीन ठेवलेला ॲम्प आहे. नुकतेच पायाने आवाज कमी-जास्त करायचे २५० किलोओहमचे पॅसिव्ह (विजेशिवाय चालणारे) व्हॉल्यूम पेडल घेऊन गिटारच्या लगेच पुढे जोडले. संथ गाण्यांत तार छेडल्याचा ठोका ऐकू न येता सूर व्हायोलिनसारखा उमलावा आणि सोलोला आवाज थोडा चढावा, एवढीच अपेक्षा होती. प्रत्यक्षात पेडल मागे घेतले की आवाजापेक्षा ओव्हरड्राइव्हची धारच आधी जाते आणि पेडल अर्धवट दाबलेले असताना टोन मंद होतो. दोष पेडलचा आहे की जागेचा?

तारयंत्र
आपल्या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. धार जाते ती जागेमुळे. ओव्हरड्राइव्हच्या आधी बसवलेले पेडल गिटारच्या व्हॉल्यूम नॉबचेच काम करते. ओव्हरड्राइव्हला मिळणारा सिग्नल कमी झाला की विकृती (खरखर) कमी होणारच. ते ओव्हरड्राइव्हनंतर आणि डिलेच्या आधी जोडल्यास धार कायम राहून केवळ आवाज बदलेल, शिवाय टाच पूर्ण खाली नेली तरी आधी वाजलेल्या सुरांचे प्रतिध्वनी तुटणार नाहीत. उमलत्या सुरांची खरी गंमत या शेपटीतच असल्यामुळे आपल्या कामासाठी मला हीच जागा योग्य वाटते.

टोन मंद होतो तो इंपीडन्समुळे, म्हणजे सिग्नलला होणाऱ्या विद्युत अवरोधामुळे. २५० किलोओहमचा पॉट (पेडलमधला बदलता रोध) विद्युतदृष्ट्या मध्यावर असताना पुढच्या केबलला सुमारे ६२ किलोओहमचा स्रोत दिसतो. केबलची धारिता मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरली, तर सहा मीटरच्या केबलसोबत ४२०० हर्ट्झच्या आसपास वरचे स्वर गळू लागतात, आणि गिटारचे तेज नेमके त्याच पट्ट्यात असते. २५ किलोओहमच्या पॉटला हाच हिशेब लावला, तर ती मर्यादा ४२ किलोहर्ट्झवर, म्हणजे ऐकण्याच्या पलीकडे जाते. मात्र पॅसिव्ह पिकअपला २५ किलोओहम थेट जोडू नये, कारण तो भार पिकअपला पेलत नाही. असे पेडल बफरनंतरच (सिग्नलला पुढचा भार पेलण्याचे बळ देणाऱ्या सर्किटनंतरच) वापरावे. म्हणूनच एर्नी बॉलच्या व्हीपी ज्युनिअरची २५० आणि २५ किलोओहम अशी दोन रूपे मिळतात, तर बॉसच्या एफव्ही-५०० ची एच (जास्त इंपीडन्स) आणि एल (कमी इंपीडन्स) अशी.

आणखी एक गोष्ट तपासावी. पेडलच्या ट्यूनर आउटला ट्यूनर जोडला असेल, तर तो काढून पाहा. अनेक पॅसिव्ह पेडल्समध्ये हा जॅक मुख्य सिग्नललाच समांतर असतो आणि ट्यूनरचा भारही पिकअपवरच पडतो.

जुना_फझ
वरील उत्तराशी बहुतांशी सहमत आहे. पण पेडल आधी जोडणे ही चूकच, असा अर्थ कोणी काढू नये. ओव्हरड्राइव्ह सतत चालू ठेवून पायानेच स्वच्छ आणि खरखरीत आवाजांत ये-जा करणाऱ्यांना तीच जागा हवी असते.

फझबाबत मात्र सावध राहावे. फझ फेससारख्या जुन्या घडणीच्या पेडलचा इनपुट इंपीडन्स फार कमी असतो आणि त्याला समोर थेट पिकअप हवा असतो. मध्ये बफर आला की आवाज बोचरा होतो आणि गिटारचा नॉब कमी करूनही तो नीट निवळत नाही. आपला ट्यूनर बॉस टीयू-३ सारखा बफरयुक्त असेल, तर फझ त्याच्याही आधी घ्यावा. मग क्रम असा होईल: गिटार, फझ, ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, व्हॉल्यूम पेडल, डिले, रिव्हर्ब.

सहावी_तार
मनःपूर्वक आभार. ट्यूनर बफरयुक्तच आहे, म्हणजे २५ किलोओहमचे पेडल चालेल असे दिसते. सोलोच्या वेळी आवाज चढवण्यासाठी निराळे बूस्ट घ्यावे का?

तारयंत्र
पॅसिव्ह पेडल सिग्नल वाढवू शकत नाही, फक्त घटवते. त्यामुळे चवडा पूर्ण दाबल्यावर मिळणारी पातळी सोलोची धरून ॲम्प लावावा आणि साथीला पेडल थोडे मागे ठेवावे. अडचण एवढीच की, साथीची ती नेमकी जागा पायाला दर वेळी सापडत नाही. एफव्ही-५०० वर किमान आवाजाचा नॉब आहे. तो वाढवून ठेवला की टाचेवर साथीची आणि चवड्यावर सोलोची पातळी पक्की होते. पण मग आवाज शून्यावर येत नाही, म्हणजे सूर उमलवता येत नाही. आपल्याला एकाच गाण्यात दोन्ही हवे असेल, तर पेडल उमलण्यासाठी राखून सोलोकरिता ओव्हरड्राइव्हनंतर छोटे स्वच्छ बूस्ट घेणे मला अधिक सोयीचे वाटते. पुढे कधी ॲम्पचीच विकृती वापरू लागलात, तर हे पेडल, डिले आणि रिव्हर्ब ॲम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये (ॲम्पच्या विकृतीनंतर पेडल्स जोडण्याच्या जागी) न्यावे लागतील, नाहीतर धार जाण्याची पहिली तक्रार पुन्हा उद्भवेल.