‘आनून’ला मराठीत काय म्हणावं?

खाडीकाठची
मालवणजवळच्या एका गावात वाचनालयात दर शनिवारी मी मुलांना गोष्ट सांगते. सध्या वेल्समधल्या ‘माबिनोगी’ या मध्ययुगीन कथामालेतल्या गोष्टी चालू आहेत. पहिलीच पुइल राजाची. शिकारीच्या रानात एक हरीण पडलेलं असतं. ज्या कुत्र्यांनी ते पाडलं त्यांना हुसकावून पुइल स्वतःची कुत्री त्याच्यावर सोडतो. हुसकावलेली ती कुत्री पांढरीशुभ्र, कान तेवढे लालभडक. त्यांचा धनी आराउन, आनूनचा राजा. झालेल्या अपमानाची भरपाई म्हणून दोघं वर्षभरासाठी रूप आणि राज्य बदलून घेतात.

इथे मी बोलून गेले, “आनून म्हणजे मेल्यावर जातात तो लोक.” सहावीतल्या एका मुलाने लगेच विचारलं, “बाई, मगे पुइल मेलो काय?”

मेला नाही. गेला, वर्षभर तिथे जेवला, गाणी ऐकली, आराउनच्या वैऱ्याला एका घावात लोळवलं आणि घरी आला. चुकलं माझंच. पाताळ, यमलोक, परलोक, तिन्ही शब्द घोळवून पाहिले, एकही बसत नाही. येत्या शनिवारी गोष्ट पुन्हा सांगायची आहे. कोणता शब्द घेऊ?

रानवाट
‘पाताळ’ इतक्यात टाकू नका. पाताळ म्हणजे नरक नव्हे. वामनाने बळीला सुतळात धाडलं तेही मारून नाही, आणि त्याच्या दाराशी राखणीला स्वतः उभा राहिला. पाडव्यामुळे मुलांना बळीराजा माहीत असतोच. शिवाय ‘आनून’च्या मुळाशी ‘खोल’ या अर्थाचा शब्द आहे, असं बरेच अभ्यासक मानतात.

तळ्याकाठी
ताई, पाताळ म्हटलं की खाली उतरणं आलं. पुइल कुठेच उतरत नाही. आराउन त्याला वाट दाखवत आपल्या वाड्यापर्यंत नेतो, जसं शेजारच्या वाडीत न्यावं तसं. मला शब्दापेक्षा हे शेजारपण महत्त्वाचं वाटतं.

तुमच्या मुलांना धामापूरचं तळं माहीत असेल. माझी आजी सांगायची, लग्नकार्य निघालं की फुलांचे दागिने परडीत घालून तळ्यात सोडायचे. परडी बुडायची आणि सोन्याचे दागिने घेऊन वर यायची. कार्य उरकलं की सगळं परत करायचं. एकाने परत केलं नाही, तेव्हापासून तळं काही देत नाही. आजी हे सांगताना त्या न देणाऱ्यावर अजून चिडलेली असायची, जणू कालचीच गोष्ट.

वेल्समध्ये ब्रेकन बीकन्सच्या डोंगरात एक तळं आहे. दर वर्षी 1 मे रोजी तिथल्या खडकात दार उघडायचं, आत परीलोकांची बाग. फळं खा, गाणी ऐका, पण बाहेर काही न्यायचं नाही. एकाने एक फूल खिशात घातलं. दार पुन्हा उघडलं नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

पुइलचंही तेच, फक्त तो शब्द पाळतो. वर्षभर आराउनच्या रूपात त्याच्या राणीशेजारी निजतो आणि तिच्याकडे पाठ करून राहतो. म्हणून पुढे दोन्ही राज्यांत घोडे, शिकारी कुत्रे, ससाणे यांची देवघेव चालते. वेल्समध्ये डुकरंसुद्धा आली ती आनूनमधून भेट म्हणून!

हे देणंघेणं आधुनिक कादंबऱ्यांत हरवलं. लॉइड अलेक्झांडर हा अमेरिकन लेखक दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या प्रशिक्षणासाठी वेल्समध्ये होता. 1964 ते 1968 या काळात त्याने प्रायडेन या काल्पनिक देशाच्या पाच कादंबऱ्या लिहिल्या. मला त्या फार आवडतात. पण त्यांत आराउन मृत्यूचा स्वामी झालाय, कढईतून उठवलेली मुकी प्रेतं त्याचं सैन्य. ती कढई मुळात दुसऱ्या गोष्टीतली. तिथे आयर्लंडमधल्या तळ्यातून एक अवाढव्य माणूस ती पाठीवर घेऊन वर येतो, आराउनचा तिच्याशी संबंधच नाही. मेलेल्याला उठवणारी, पण उठलेला बोलत नाही, एवढं मात्र जुन्या गोष्टीतलंच. अलेक्झांडरची कथा त्यामुळे जोरकस झाली हे मान्य. पण ज्याच्याशी करार करता येतो असा शेजारी राजा गेला आणि ज्याला मारायचंच असा राजा आला, ही मला मोठी हानी वाटते.

तेव्हा नाव ‘आनून’च ठेवा. पुढे जोडायचंच तर ‘पलीकडचं राज्य’ म्हणा.

होडीवाला
‘पलीकडचं’ला माझा पाठिंबा, कारण आनूनला समुद्रातूनही वाट आहे. एका जुन्या वेल्श कवितेत राजा आर्थर प्रिडवेन नावाच्या जहाजातून तिथली कढई आणायला जातो. तीन जहाजं भरून माणसं गेली, सात परतली. त्या कढईत भित्र्याचं अन्न शिजत नाही. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टॉल्किनने तर आपल्या कथांसाठी रचलेली सिंदारिन भाषा वेल्शच्या उच्चारांवर बेतली, आणि तिच्यात ‘आनून’ म्हणजे पश्चिम, सूर्यास्त. आमच्या किनाऱ्यावरच्या पोराला ‘मावळतीकडचा मुलूख’ म्हटलं तर तो हाताने दाखवील कुठे ते.

खाडीकाठची
सगळ्यांचे आभार. रानवाट, बळीराजा मी ठेवला, पण गोष्टीनंतरच्या गप्पांसाठी.

काल सांगितलं, “आनून, पलीकडचं राज्य.” कुणी अडलं नाही. धामापूरची परडीही सांगितली. तोच सहावीतला मुलगा म्हणाला, “माझी आजी सांगता, परडी नाय, भांडी येयत.” मग दोघा-तिघांचं जुंपलं, दागिने की भांडी. पुढच्या शनिवारी प्रत्येकाने घरी विचारून यायचं ठरलंय. तळ्याकाठी, तुमच्या आजी भांड्यांचं काही सांगायच्या का?