सोसायटीबाहेर झोपणाऱ्या काकांना निवारा केंद्रात न्यावं का? तिथे नेमकं काय होतं?

स्मिता_वारजे:

नमस्कार. आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून एक बंद पडलेली रसवंती आहे. तिच्या शेडखाली गणपतीपासून एक काका झोपतात. साठीच्या आसपासचे असावेत. सकाळी सहाला पुठ्ठे घडी करून सायकलला बांधतात आणि जातात, रात्री नऊला परत. सायकलला सीट नाही, पण दोन पोती आणि एक कढई कायम लटकलेली. त्रास म्हणाल तर काहीच नाही. तरी सोसायटीच्या ग्रुपवर आता 'पोलिसांना फोन करा' सुरू झालंय. मी म्हटलं, महापालिकेचं निवारा केंद्र असतं, आधी तिथे विचारू. तर निम्म्या लोकांना असं काही असतं हेच माहीत नव्हतं, आणि मलाही नावापलीकडे माहिती नाही.

फक्त झोपायला देतात का? सकाळी बाहेर काढतात का? पैसे लागतात का? काकांकडे कागद एकही नाही. आणि तिथे जाऊन माणसाचं खरंच काही मार्गी लागतं, की तो नुसता आपल्या नजरेआड होतो?

कोथरूडचा_मक्या:

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आम्ही गेल्या वर्षी एकाला रिक्षाचे पैसे देऊन पाठवला. तिसऱ्या दिवशी गडी परत त्याच दुकानाच्या पायरीवर. या लोकांना मोकळं राहायची सवय झालेली असते. आंघोळ करा, नाव लिहा, पिऊन येऊ नका म्हटलं की निघाले. फार जीव लावू नका.

निवृत्त_वाहक:

स्मिताताई, मी एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. २०१८ ला रिटायर झालो. घरात बसवेना, म्हणून ओळखीच्या एका संस्थेत लागलो. ती महापालिकेचं निवारा केंद्र चालवते. माझी रात्रपाळी, हुद्दा काळजीवाहक. दार उघडायचं, नोंदवही भरायची, पंख्याखालच्या जागेवरून होणारी भांडणं मिटवायची. एसटीचंच काम, फक्त गाडी हलत नाही.

आधी तुमचे प्रश्न. आमच्याकडे पैसे लागत नाहीत. सकाळी बाहेर काढत नाहीत. पूर्वी 'रात्र निवारा' म्हणायचे आणि आमच्या बोर्डावर अजून तेच रंगवलेलं आहे, त्यामुळे लोकांना वाटतं उजाडलं की हाकलतात. सुप्रीम कोर्टाने २०१० साली आदेश दिले, की मोठ्या शहरांत लाख वस्तीमागे एक निवारा हवा आणि तो बारा महिने, चोवीस तास उघडा हवा. पुढे केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानात माणशी ५० चौरस फूट जागा असं लिहिलं गेलं. आमच्या हॉलला टेप लावाल तर तेवढी भरणार नाही, पण गादी, चादर, पंखा आणि सकाळी गरम पाणी आहे. कागद नसला तरी घेतो. ज्याच्याकडे कागद आहे तो आमच्याकडे कशाला येईल?

आता मक्याभाऊ, तुमचा गडी परत का आला, हे त्याला विचारलंत का? माझ्या बघण्यात पहिल्यांदा आलेला माणूस दारूपायी जातो त्यापेक्षा सामानापायी जास्त जातो. तुम्ही त्याला रिक्षात बसवला, त्याचं बोचकं कुठे राहिलं? आमच्याकडे माणसं साठ आणि लॉकर बारा. ज्याला लॉकर नाही तो चपला उशाला घेऊन, पिशवीचा बंद मनगटाला बांधून झोपतो. म्हणजे झोपतच नाही. तीन रात्री असं जागल्यावर त्याला ओळखीची पायरी बरी वाटते.

दुसरी भीती पकडून नेणाऱ्या गाडीची. भीक मागण्याविरुद्धचा १९५९ चा मुंबई कायदा आपल्याकडे अजून आहे. दिल्ली हायकोर्टाने २०१८ मध्ये त्यातली बरीच कलमं तिथल्यापुरती रद्द केली, महाराष्ट्रात तसं झालेलं नाही. पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत डांबता येतं. त्यामुळे सरकारी पाटीची जीप दिसली की आयुष्यात कधी हात न पसरलेला माणूससुद्धा बोळात शिरतो. म्हणून पोलिसांना फोन नको. आमची माणसं महिन्यातून दोन-तीनदा रात्री फिरतात, पायी, साध्या कपड्यांत. त्यांना बोलवा.

मार्गी लागतं का म्हणाल, तर एकाचं सांगतो. लांबेल थोडं.

सहाएक वर्षांपूर्वी पावसाळ्यात एक मामा आले. नाव विचारलं तर म्हणाले, "लिहा कायबी." मी 'मामा' लिहिलं. जेवण तसंच ठेवलेलं, म्हणून विचारलं, तर "दात दुखूलालाय." झालं, माझे कान उभे! पुणे-नांदेड गाडीवर माझी अकरा वर्षं गेलेली. हे 'लालाय' लातूरच्या अलीकडे ऐकू येत नाही. म्हटलं, "मामा, अहमदपूर का चाकूर?" त्यांनी नुसतं बघितलं आणि कूस बदलली. चार दिवस एक शब्द नाही. पाचव्या रात्री दीडच्या सुमाराला माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "अहमदपूरला गाडी थांबली की कंडक्टर कुठं च्या प्यायचा?" परीक्षा घेत होते माझी! मी म्हटलं, "मामा, चहा ड्रायव्हर प्यायचा. कंडक्टर हिशेब लिहायचा." मग बसले.

पुढचे आठ महिने नुसत्या कागदात गेले. लोकांना वाटतं निवारा म्हणजे पलंग. पलंग पहिल्याच रात्री मिळतो हो, पत्ता मिळवायला वर्ष जातं. आधारसाठी मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचा दाखला चालतो, तो आम्ही दिला. पण मामांनी सतरा वर्षं लग्नाच्या पंगतीतली पातेली घासलेली. सोड्याने बोटं अशी झिजलेली की मशीन ठसा घेईना. मी त्यांची बोटं खोबरेल लावून, गरम फडक्यात गुंडाळून परत परत ठेवली. शेवटी डोळ्यांवर काम भागलं. महिन्याने उत्तर आलं, अर्ज नामंजूर. पुन्हा केला, पुन्हा नामंजूर. मी चिडलोच होतो. आधार केंद्रावरच्या पोराने समजावलं, "काका, डुप्लिकेट दाखवतंय. यांचं आधार आधीच निघालेलं आहे." म्हणजे कधीतरी गावी असताना काढलं होतं आणि मामांना आठवत नव्हतं. का आठवू द्यायचं नव्हतं, कोण जाणे. आमच्या मॅनेजरबाई आधारच्या मुंबईतल्या प्रादेशिक कार्यालयात दोन खेटे घालून आल्या तेव्हा नंबर हाती लागला. कागदावर पूर्ण नाव, अहमदपूर तालुक्यातलं गाव आणि काळ्याभोर मिशांचा फोटो. मामा फोटोकडे बराच वेळ बघत होते. म्हणाले, "तवा मिशा होत्या की."

आम्हाला वाटलं, आता घरी पोचवू. बाईंनी तर गाडीभाड्याची मंजुरीही काढली. मामा म्हणाले, "घरी कळवायचं नाही." का, ते सांगितलं नाही. आम्हीही खोदलं नाही. मासिक अहवालात 'कुटुंबात पुनर्वसन' असा रकाना असतो आणि तो भरला की वरचे खूश होतात. त्या महिन्यात तिथे 'इच्छा नाही' लिहिलं, त्यावरून बाईंना बोलणी बसली. मला विचाराल तर ते बरोबरच लिहिलं होतं.

मग बँक. एका शाखेने निवाऱ्याचा पत्ता बघून परत पाठवलं, दुसरीने जनधन खातं उघडून दिलं. खातं झाल्यावर एका सोसायटीत झाडलोटीचं काम लागलं, पगार खात्यात. तोवर रोजची कमाई खिशात आणि खिसा रोज रात्री कुणीतरी कापणार, असं चाललेलं. वर्षभराने आमच्याकडच्याच दोघांबरोबर खोली घेतली. खोलीचं भाडं जमतं, अडतं ते डिपॉझिटला. ते तिघांनी मिळून जमवलं. चार महिन्यांत त्यातला एक प्यायला लागला आणि आमच्याकडे परत आला. आम्ही परत घेतला. त्याच्यासाठी आता मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची तारीख घेतोय, ही तिसरी खेप. मामा मात्र अजून खोलीवर आहेत. नोंदवहीत मी अजून 'मामा'च लिहितो, आले की. रविवारी येतात, माझा चहा घेऊन.

केटरिंगवाला_दाजी:

मी पाच महिने काढलेत निवाऱ्यात (वरच्या काकांच्या नाही, दुसऱ्या). लाज वाटायची, आता नाही वाटत. काकांनी सगळं गोड लिहिलंय, ढेकणांचं नाही लिहिलं. आणि चार्जिंगचं. तीन पॉइंट, चाळीस मोबाईल. मोबाईल बंद म्हणजे दुसऱ्या दिवशीचं काम गेलं, कारण मुकादम रात्रीच फोन करून सांगतो कुठल्या मंगल कार्यालयात यायचं. मारामाऱ्या अन्नावरून नाही, प्लगवरून होतात.

पण खरं सांगतो, रस्त्यावर असताना मी कधी सलग चार तास झोपलो नव्हतो. कधी कुत्रं, कधी पोलीस, कधी झाडूवाला. निवाऱ्यात पहिल्या आठवड्यात नुसता झोपलो. तिथल्या मॅडम कामाचं काही बोलल्याच नाहीत. आठव्या दिवशी म्हणाल्या, आता दाढी कर.

एक गंमत. फुटपाथवर असताना एका पोराने माझा मतदार यादीचा फॉर्म ६ भरला होता. बेघर माणसाला पत्त्याचा पुरावा लागत नाही, बीएलओ (मतदार यादीचं काम बघणारा सरकारी माणूस) रात्री येऊन बघतो माणूस खरंच तिथे झोपतो का. एका रात्री दोनदा नाही, वेगवेगळ्या रात्री. आले बिचारे. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी माणूस मी झोपलोय का बघायला आला, आणि न उठवता गेला.

स्मिता_वारजे:

सगळ्यांचे आभार. वाहककाका, अजून दोन शंका. कधी कधी संध्याकाळी त्यांना दारूचा वास येतो. आणि परवा एकटेच बोलत होते. तसं असेल तर घेतात का?

निवृत्त_वाहक:

पिऊन धिंगाणा घातला तर आत घेत नाही, बाहेरच्या बाकावर बसवतो. नुसता वास असेल तर मी वास घेत नाही. सर्दी असते मला रात्री.

एकटं बोलण्याचं म्हणाल, तर आधी ऐका काय बोलतात. आमच्याकडे एक आजी रात्रभर बोलायच्या. नीट ऐकलं तर ओव्या होत्या. पण भलतंच काही वाटलं, अंगावर भान नाही, खाणंपिणं सुटलंय, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० नुसार अशा भटकणाऱ्या माणसाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात तपासायला नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. कोंडायला नाही, तपासायला. तेव्हा पोलिसांना जरूर कळवा आणि कलमाचा आकडा तोंडपाठ करून जा, उपयोग होतो. आपल्याकडे येरवड्याचं मनोरुग्णालय आहे. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या अशाच माणसांना बरं करून घरी पोचवते. वाटवानींना त्यासाठी २०१८ चा मॅगसेसे मिळाला.

तुमच्या काकांचं मला तसं वाटत नाही. पुठ्ठ्याची घडी घालतोय आणि कढई सांभाळून आहे तो माणूस. उलट कढईच अडचणीची होईल, कारण आत चूल पेटवता येत नाही. हे आधीच सांगा. तिथे गेल्यावर कळलं तर फसवल्यासारखं वाटतं त्यांना. आणि न्यायचं म्हणून एकदम नेऊ नका, एकदा संध्याकाळी नुसतं बघायला घेऊन या. तिकीट न काढता गाडीत डोकावता येतं.

कोथरूडचा_मक्या:

आमच्या गड्याची हातगाडी होती. आम्ही ती मागेच ठेवली होती. हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

स्मिता_वारजे:

आज बोलले काकांशी. मी चहा नेला होता, तो त्यांनी घेतला नाही, बिस्किटं घेतली. निवाऱ्याचं सांगितलं, चुलीचंही सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मग एकच विचारलं, सायकल आत घेतात का.

निवृत्त_वाहक:

घेतात. जिन्याखाली जागा आहे. साखळी-कुलूप मात्र त्यांचं त्यांनी आणावं, आमच्या कुलपाची किल्ली सगळ्यांकडे आहे. गुरुवारी माझी रात्रपाळी आहे, दहानंतर या.